गाळलेली शांतता

जहाज झोपलं होतं आणि त्याला बेदाण्याचा वास येत होता.

हा वास काही केल्या जाईना. सन्मती मगदूमनं शेड धुऊन काढली, उदबत्त्यांचे पुडे संपवले आणि शेवटी नाद सोडून दिला. वेब सिरीजमधून वास येत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. तासगावच्या बाहेर, द्राक्षबागांच्या मधोमध बागाईतदार भूपालदादांची ही बेदाणा वाळवायची शेड उभी होती. हंगाम सरला की ती रिकामी पडायची. आत जमिनीपासून पत्र्यापर्यंत हिरव्या जाळ्यांचे मजले, एकावर एक, प्रत्येकात माणूस आडवा मावेल एवढी जागा. बाजूनं ऊन आत आलं की सगळी शेड पाण्याखाली असल्यासारखी हिरवी व्हायची. सन्मतीनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो दारातच थांबला आणि म्हणाला, "दादा, हितं माणसं झोपवूया."

"आरं, मग बेदाणं कुठं झोपवू मी?" भूपालदादा म्हणाले. पण पोरगं गंभीर आहे असं दिसल्यावर त्यांनी अट घातली. शेड खुशाल वापरा, पण जहाजाचा कप्तान मी होणार.

अशी 'झोपलेलं जहाज' ही मालिका सुरू झाली. पाठीशी ना मोठी कंपनी, ना नावाजलेला नट. लेखक, दिग्दर्शक आणि संकलक सन्मती. ध्वनी त्याची बायको प्रज्ञा हिचा. कप्तानाचा कोट दादांच्या पोटावर मिटत नव्हता, म्हणून त्यांना कायम पाठमोरे किंवा यंत्राआड उभे करायचे. प्रवासी म्हणून दादांचे शेजारीपाजारी यायचे आणि जाळ्यांवर पडल्या पडल्या खरोखरच घोरायचे. दादा, प्रज्ञा, सन्मती, सगळी जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं, त्यामुळे अंतराळातसुद्धा संध्याकाळी काम बंद व्हायचं.

मालिकेतलं जहाज एका दूरच्या ताऱ्याकडे निघालेलं असतं. प्रवाशांना वर्षातून एकच दिवस जाग येते. जागा झाला की जहाजाचं यंत्र त्याच्या कानात वर्षभराचं थोडक्यात सांगतं: कोण वारलं, कोण जन्मलं, कुठला तारा मागे पडला. माणूस ऐकतो, जेवतो, जरा हिंडतो आणि पुन्हा झोपतो. फक्त एक बाई झोपायला तयार होत नाही. तिला ते वर्ष स्वतःच्या कानांनी ऐकायचं असतं.

मालिका कशावर आहे, असं कुणी विचारलं की सन्मती तावातावानं सांगायचा, "माणसाचं लक्ष कसं चोरीला जातं, त्याच्यावर!" आणि हे सांगताना त्याचं अर्धं लक्ष स्वतःच्या चष्म्यात असायचं.

फोन तोवर हातातून उतरून चष्म्यात गेला होता. काचेच्या आतल्या बाजूला अक्षरं उमटायची, बाहेरून काच स्वच्छ दिसायची. समोरचा माणूस तुमच्या डोळ्यांत बघतोय की कुठल्याशा बातमीत, हे कळायची सोयच उरली नव्हती. तरी लोक जुन्या सवयीनं 'फोन बघतोय' असंच म्हणायचे.

आणि कानात मागोवा असायचा. हरभऱ्याएवढा मणी. त्यामागचं विज्ञान मोठं देखणं होतं. आपण कुणाचं बोलणं मनापासून ऐकत असतो तेव्हा मेंदूतल्या विद्युतलहरी त्या बोलण्याच्या चढउतारांबरोबर झुलतात, पाळणा हलवणारीचा हात पाळण्याबरोबर पुढे-मागे होतो तशा. लक्ष उडालं की हे झुलणं थांबतं. शब्द कानावर पडत असतात, पण मेंदू त्यांची सोबत करत नाही. या लहरी कानाच्या आतल्या कातडीवरूनही मोजता येतात, हे प्रयोगशाळांना ठाऊक होतं; मागोवा बनवणाऱ्यांनी ते मोजमाप मण्यात बसवलं. तुमचं लक्ष उडालं त्या क्षणापासून मणी भोवतालचं बोलणं साठवू लागे, आणि लक्ष परत आलं की साठलेल्याचं सार कानात सांगे. पुनरुक्ती काढून, खोकला काढून, 'तुला सांगते' नि 'म्हणजे बघ' काढून. शांतता तर सगळ्यात आधी काढून, कारण शांततेत माहिती नसते, असं त्यांचं गणित होतं.

लोकांना मणी फार आवडला. 'तू माझं ऐकतच नाहीस' हे घरोघरचं भांडण एका झटक्यात मिटलं. आता कुणीही न ऐकता सगळं सांगू शकत होतं. मणी लावणाऱ्यांची एक खोड मात्र लपत नसे. सार कानात पडल्याबरोबर ते झटकन, आणि जरा जास्तच उत्साहानं उत्तर द्यायचे. आपण इथंच होतो, हे पटवायचं असायचं ना!

प्रज्ञाला मण्याचं वावडं होतं. दुसऱ्यानं गाळून दिलेला आवाज तिला उष्टा वाटायचा. सन्मतीकडून तिनं एकच वचन घेतलं होतं, की जेवताखाताना तरी मणी कानात घालायचा नाही. चष्मा चालेल, कारण सन्मतीचा नंबर त्यातच होता. त्याच्याशिवाय त्याला ताटातली चटणी आणि लोणचं वेगळं दिसत नसे. सन्मतीनं वचन दिलं. पाळलंही, निदान पहिले काही महिने.

त्या सकाळी सांगलीच्या घरात दोघं उप्पीट खायला बसली होती. आदल्या दिवशीच मालिकेची झलक लोकांसमोर आली होती आणि खाली प्रतिक्रिया पडत होत्या. 'हे अंतराळयान आहे की मच्छरदाणी?' असं कुणीतरी विचारलं होतं. सन्मतीला ते झोंबलं. प्रज्ञा काहीतरी सांगायला लागली आहे एवढं त्याला कळलं. केसांआड मणी होता, तेव्हा काळजी नव्हती. तो नजरेनंच एकेक अक्षर निवडत त्या टीकाकाराला उत्तर जुळवू लागला. जमेना. खोडलं, पुन्हा जुळवलं. शेवटी सगळंच पुसून त्यानं मान वर केली, तसा मणी कुजबुजला, "प्रज्ञाची लक्षद्वीपजवळच्या एका बेटावर ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी निवड झाली आहे. मुदत दोन वर्षं. चित्रीकरण संपल्यावर निघावं लागेल. ती विचारते आहे, जाऊ का."

"अरे वा!" सन्मती म्हणाला. "जा की! त्यात काय विचारायचं?"

प्रज्ञा त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले. "नक्की?" तिनं विचारलं.

"नक्की म्हणजे? शंभर टक्के."

ती उठली, त्याच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि आपली बशी घेऊन आत गेली. सन्मतीनं उप्पिटाचा घास घेतला. ते पार गारढोण झालं होतं. आत्ता तर वाढलं होतं, असं त्याला वाटून गेलं.

दोन वर्षं म्हणजे काय, हे त्याला अंघोळीला गेल्यावर कळलं. डोक्यावर पाणी ओतता ओतता हात थांबला. ती जायला नको होती. अगदी साधी गोष्ट होती ही. ती घरात नसली की त्याला दुपारची झोपसुद्धा लागत नसे. पण आता शब्द कसा फिरवणार? इतक्या सहज तिनं विचारलं म्हणजे तिला जायचंच असणार. आपण आडवे आलो तर बायकोचं कौतुक सोसवत नाही असं दिसेल. तो गप्प बसला आणि हे गप्प बसणं आपल्या मोठेपणात जमा करून टाकलं.

त्यानंतरचे दिवस मात्र स्वप्नात चालावं तसे गेले. प्रज्ञा बदलली. ती त्याच्याशी हलक्या आवाजात बोलू लागली, जाता येता खांद्याला हात लावू लागली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ती अशी होती. सन्मतीला कारण कळेना, पण सुख कुणाला नको असतं? चित्रीकरण थांबलं की दोघं सगळ्यात वरच्या जाळीवर चढून शेजारी शेजारी पडायची. खाली प्रवासी डुलक्या घ्यायचे. जाळी किंचित झोके द्यायची आणि पत्रा तापून टिकटिक करायचा.

"तिथं काय ऐकणार आहेस तू?" एकदा त्यानं विचारलं.

तिनं स्वतःचा हेडफोन त्याच्या कानांवर बसवला. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता, आणि मधूनच कुणीतरी दूरवर हुंकार भरत होतं.

"प्रवाळ," ती म्हणाली. "जिवंत प्रवाळाचा खडक असा बोलतो. झिंगे चिमटे वाजवतात, मासे घुमतात. समुद्र तापला, खडक मेले, आणि तिथला आवाज गेला. माशांची पिल्लं आवाजावरनं घर शोधतात, बघ. मुक्या खडकाकडे ती येतच नाहीत. मग शास्त्रज्ञ काय करतात, जिवंत खडकाचा आवाज मुद्रित करून मेलेल्या खडकाशी पाण्यात वाजवतात. पिल्लांना वाटतं, इथं वस्ती आहे."

"म्हणजे फसवणूकच की."

"आहे खरी. पण मासे येऊन राहिले की खडक हळूहळू जिवंत होतो. मग ती फसवणूक राहत नाही."

त्या बेटावर नेटवर्क नव्हतं. निरोप न्यायला-आणायला अधूनमधून एक बोट होती, तीही समुद्राची मर्जी असेल तेव्हा. सन्मतीनं हे ऐकलं आणि तो पत्र्याकडे बघत राहिला. चष्म्यात एक प्रतिक्रिया उमटली. त्यानं ती वाचली.

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी प्रज्ञानं नेहमीप्रमाणे हुकूम सोडला, "शेडची शांतता घ्यायचीय."

ध्वनीचं काम करणारी माणसं हे करतातच. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. ती थोडी मुद्रित करून ठेवली की पुढं संकलनात दोन वाक्यांच्या मध्ये भरता येते, नाहीतर ऐकणाऱ्याला मध्येच खड्डा पडल्यासारखं वाटतं. सगळ्यांनी चष्मे नि मणी काढून बेदाण्याच्या क्रेटमध्ये टाकले आणि आपापल्या जागी उभे राहिले. जाळी थरथरली. एक पारवा पत्र्यावर चालला. कप्तानाच्या पोटात गुरगुरलं आणि कुणीतरी हसू दाबलं. सन्मतीला आधी खाज सुटली, मग कंटाळा आला, मग कसली तरी भीती वाटली. प्रज्ञा डोळे मिटून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर देवळात असतं तसं समाधान होतं.

"झालं," ती म्हणाली.

चष्मा चढवून सन्मती बाहेर पायरीवर जाऊन बसला. ती त्याच्या शेजारी येऊन टेकली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मी नाहीच म्हणणार होते त्या कामाला. पत्रसुद्धा लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी तुला नुसतं विचारलं, तू काहीतरी पटकन बोलून मोकळा होशील म्हणून. आणि तू गप्प राहिलास."

सन्मतीनं तिच्याकडे पाहिलं.

"किती वेळ! माझ्याकडे बघत होतास, एक शब्द नाही. मला वाटलं आता बोलशील, मग बोलशील. तुझा चेहरा कसा होत होता, सांगू? मध्येच कपाळाला आठी, मध्येच ओठ हलायचे, मग परत बघत राहायचास. मी म्हटलं, हा माणूस माझ्यासाठी स्वतःशी भांडतोय. आणि एवढं भांडून शेवटी हसून जा म्हणालास." तिनं त्याच्या दंडावर कपाळ टेकवलं. "लग्नाला सात वर्षं झाली आपल्या. इतका वेळ कधी बघितलं नव्हतंस माझ्याकडे."

 ती आठी मच्छरदाणीची होती. ओठ हलत होते ते त्या टीकाकाराला शिवी जुळवताना. उप्पीट गार का झालं होतं, ते आत्ता कुठं त्याच्या डोक्यात शिरलं. तो काहीच बोलला नाही आणि प्रज्ञाला तेही आवडलं.

घरी आल्यावर त्यानं दार लावून घेतलं आणि मण्याला विचारलं, "त्या सकाळचं परत ऐकव. न कापता." मण्यानं त्याच आनंदी आवाजात तेच सार सांगितलं. "तिनं विचारल्यानंतरचं ऐकव," तो म्हणाला. "मी बोलेपर्यंतचं."

"त्या वेळेत काही घडलं नाही," मणी म्हणाला.

साठवलेलंच नव्हतं. प्रज्ञाचा सगळ्यात मोठा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर उभा होता, तो वेळ यंत्रानं फेकून दिला होता. त्या वेळात दोघांत काय झालं, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. एक तिला सोडून, आणि तिला तर ते खोटंच कळलं होतं.

संकलनाला बसला तरी त्याचं मन लागेना. मालिकेतल्या त्या बाईनं जहाजाचा आवाज ऐकायचा प्रसंग तो कापायला घ्यायचा आणि प्रज्ञानं मुद्रित केलेल्या शांततेवर हात अडायचा. सांगावं? सांगितलं तर ती कदाचित जाणार नाही. म्हणजे ती राहावी म्हणूनच आपण खरं बोलणार, आणि तिच्याजवळचं सगळ्यात सुंदर असं काही हिसकावून घेणार. न सांगावं? ती त्या गोड खोट्याची पुरचुंडी घेऊन दोन वर्षं समुद्राकाठी बसेल. खोट्या आवाजावर मासे येतात, खडक जिवंत होतो, तीच म्हणाली होती. चालेल की मग! असं म्हणून त्याला बरं वाटायचं, आणि तेवढ्यात ती चहा घेऊन यायची नि त्याच्याकडे त्या नव्या नजरेनं बघायची. ती नजर त्याची नव्हतीच. दुसऱ्याच कुणा नवऱ्याची होती, जो त्या सकाळी खरोखर गप्प बसला होता. सन्मतीला त्या माणसाचा हेवा वाटायला लागला.

जहाज मोडायच्या दिवशी दोघं शेडवर गेली. पुठ्ठ्याची यंत्रं उतरवायची होती, कप्तानाची खुर्ची टेम्पोतून दादांच्या घरी पोचवायची होती. ती त्यांनी आठवण म्हणून मागून घेतली होती. प्रज्ञा स्टुलावर चढून वायरी सोडवत होती. सन्मती खाली स्टूल धरून उभा होता.

"प्रज्ञा, त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत नव्हतो," तो म्हणाला.

तिचे हात थांबले.

"फोन बघत होतो. मणी कानात होता. तू काय विचारलंस ते मला त्यानं सांगितलं, आणि मी लगेच बोललो. माझ्या लेखी मध्ये वेळ गेलाच नाही."

ती सावकाश खाली उतरली. वायरीचं भेंडोळं तिच्या हातातच होतं. "आणि ती आठी?"

"कुणीतरी मच्छरदाणी म्हणाला होता. आपल्या जहाजाला."

प्रज्ञा हसली नाही. रागावलीही नाही. ती खालच्या जाळीच्या कडेवर बसली आणि भेंडोळं मांडीवर ठेवून त्याची टोकं जुळवत राहिली.

"त्या गप्प बसण्याच्या जोरावर मी दोन वर्षं काढणार होते, सन्मती," ती म्हणाली.

"माहितीय मला."

"मग कशाला सांगितलंस? गेले असते की मी सुखानं."

"तू ज्याच्यावर खूश होतीस तो मी नव्हतो. मला सहन होईना." त्यानं स्टूल बाजूला सारलं. "परत विचार. एकदाच. मला विचारलंच नाही अजून कुणी."

तिनं भेंडोळं जाळीवर ठेवलं. मग उठून उभी राहिली आणि म्हणाली, "जाऊ?"

सन्मतीनं मणी काढून खिशात टाकला. चष्माही काढला. तशी प्रज्ञा विरघळली. हिरव्या उजेडात एक पिवळसर डाग तेवढा उरला. तो पुढं झाला, आणखी पुढं झाला, शेवटी वीतभर अंतरावर तिचा चेहरा जागेवर आला. कानाजवळ एक पांढरा केस होता. खालचा ओठ तिनं दातात धरला होता. उत्तर तोंडाशी येत होतं, सवयीनं, चटपटीत; ते त्यानं गिळलं. मन दाराबाहेर पळालं, खुर्चीकडे गेलं, टेम्पोवाल्याकडे गेलं. दर वेळी तो त्याला धरून परत तिच्या तोंडासमोर आणत होता. रिकामं घर दिसलं. एका माणसाचं उप्पीट दिसलं. मग तिचं त्या बेटावरचं तोंड दिसलं, हेडफोन लावलेलं, डोळे मिटलेलं, आणि ते इतकं सुखी होतं की त्याला रडू आलं. तिचा श्वास त्याच्या हनुवटीला लागत होता. किती वेळ गेला ते सांगायला कानात कुणी नव्हतं.

"नको जाऊस," तो म्हणाला.

प्रज्ञानं डोळे पुसले. त्याचेही पुसले, ओढणीच्या त्याच टोकानं.

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

"मग विचारलंस कशाला?"

"निघताना मागं कुणीतरी नको म्हणणारं लागतं रे," ती म्हणाली. "नाहीतर माणूस परत कुणाकडं येणार?"